वरसावे नाक्यावर वाचलेल्या पाट्या

दोस्तहो, समीक्षा फक्त पुस्तकाचीच करायची असते असं आपल्याला कॉलेजात शिकवलं. पुस्तकाला कव्हर असतं, किंमत असते, मागे लेखकाचा फोटो असतो, मग कुणीतरी त्यावर चार पानं लिहितो. पण आमच्या बापजाद्यांनी पुस्तक बघायच्या आधी पाटी बघितली. वाचता येत नव्हती तरी तिचा अर्थ त्यांना बरोबर कळायचा. पाटी म्हणजे कुठं थांबायचं आणि कुठून परत फिरायचं याचा हुकूम. तेव्हा आज मी पुस्तकाची नाही, रस्त्याच्या पाटीची समीक्षा करणार आहे. ज्यांना हे साहित्यात बसत नाही असं वाटतं त्यांनी पान उलटावं.

मीरा-भाईंदरच्या हद्दीत, वसईच्या खाडीच्या अलीकडे वरसावे नावाचं गाव आहे. ठाण्याहून येणारा घोडबंदर रोड गायमुख ओलांडून इथं अहमदाबाद हायवेला मिळतो. मी या नाक्यावर एका दुपारी दोन तास उभा राहिलो. हातात वही होती. येणारा-जाणारा या जागेला काय म्हणतो ते लिहून घेत होतो. रिक्षावाला म्हणाला 'फाउंटन'. नाक्यावरच्या हॉटेलचं ते नाव. ट्रकवाला म्हणाला 'वर्सोवा ब्रिज'. एक पोरगा मोबाइलमध्ये बघून म्हणाला 'एनएच फोर्टी एट', आणि त्याच्याबरोबरचा म्हातारा त्याला दुरुस्त करत म्हणाला 'एन एच आठ'. दोघंही खरे. २०१० साली देशातल्या हायवेंचे नंबर बदलले तेव्हा आठचा अठ्ठेचाळीस झाला. म्हाताऱ्यापर्यंत ते पोचलं नाही एवढंच. दोन तासांत 'वरसावे' हा शब्द मला एकदाच ऐकू आला. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेल्या बाईच्या तोंडून.

आता गंमत बघा. अंधेरीच्या समुद्रावर कोळ्यांचं दुसरं एक गाव आहे, वेसावे. इंग्रजाच्या कागदात वेसावे झालं 'वर्सोवा'. इकडं खाडीकाठी वरसावे, तेही झालं 'वर्सोवा'. दोन गावं, दोन वेगळी नावं, कागदावर मात्र एक. मग इंग्रज गेला, मराठीचं राज्य आलं, आणि आमच्या मराठी अधिकाऱ्यानं काय केलं? गावात जाऊन विचारलं नाही की बाबांनो तुम्ही स्वतःला काय म्हणता. इंग्रजी कागद उघडला आणि त्यावरून परत मराठीत 'वर्सोवा' लिहिलं. मार्च २०२३ मध्ये खाडीवरचा नवा पूल वाहतुकीला खुला झाला तेव्हाही पेपरांत 'वर्सोवा पूल' असंच आलं. गाव आहे तिथंच आहे. त्याचं नाव मात्र साहेबाच्या तोंडातून फिरून, वाकडं होऊन परत आलं.

उलटं उदाहरणही आपल्याकडंच आहे. मुंबईत ग्रँट रोडजवळ नाटकगृहं होती म्हणून साहेब त्या भागाला 'प्ले हाऊस' म्हणायचा. गिरणीतल्या, गोदीतल्या आपल्या माणसांनी त्याचं 'पिलाहाऊस' करून टाकलं. साहेबाची भाषा आपल्या जिभेला बसेल अशी ठोकून घेतली. आज नाटकगृहंही नाहीत आणि साहेबही नाही, पिलाहाऊस मात्र तसंच आहे. कचेरी नाव वाकवते आणि माणसंही वाकवतात. फरक एवढाच की कचेरी ज्याचं नाव वाकवते तो तिच्या दारात उभा राहून 'साहेब, चुकलं' असं म्हणू शकत नाही.

आता रस्त्याकडं येतो. घोडबंदर हे नाव सरळ आहे. बंदर होतं, तिथं घोड्यांचा व्यापार चालायचा. पोर्तुगीजांनी तिथं किल्ला बांधला, १७३७ च्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला, पुढं इंग्रजाकडं गेला. १८४५ च्या सुमाराला माहीमचा कॉजवे झाला आणि मुंबई बेट साष्टीला जोडलं गेलं. वांद्र्यापासून साष्टीची गावं ओलांडत वर घोडबंदरपर्यंत जाणारा जो रस्ता, तो घोडबंदर रोड. नावातच वाट सांगितलेली. या रस्त्याला लागलास की घोडबंदरला पोचशील.

मग मुंबई वाढली. वांद्रे, अंधेरी, मालाड, बोरिवली ही उपनगरं झाली. त्या अंगाचा रस्ता 'स्वामी विवेकानंद मार्ग' झाला. लोकांनी त्याचं एस. व्ही. रोड केलं. आज त्या रोडवर दुकान असलेल्या माणसाला विचारा की हा रस्ता कुठं जातो. तो म्हणेल, दहिसरला. मूळ कुठं जायचा ते त्याला माहीत नसतं. एका रस्त्याचे दोन तुकडे झाले. शहराच्या पोटात गेलेल्या तुकड्याला थोर माणसाचं नाव मिळालं, आणि शहराबाहेर, जंगलाच्या कडेनं, वारली-कातकऱ्यांच्या पाड्यांवरून जाणाऱ्या तुकड्याला जुनंच नाव राहिलं. विवेकानंदांशी माझं भांडण नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्या पाटीनं वाट सांगायची, ती पाटी आता मान द्यायला लागली. मान दिला की वाट विसरली जाते.

माझा बाप या पट्ट्यात खडी फोडायला होता. त्याच्या तोंडून मी कधी घोडबंदर रोड ऐकलं नाही आणि हायवेही ऐकलं नाही. तो म्हणायचा 'डांबरी'. 'डांबरीवर चाललोय.' ज्यानं खडी फोडली, पसरली, वर उकळतं डांबर ओतलं, त्याच्या भाषेत त्या रस्त्याचं नाव त्याच्या कामावरून पडलं होतं. हे नाव कुठल्या गॅझेटात नाही. तो मेला, त्याच्याबरोबर ते गेलं. आता ते फक्त या ओळीत आहे.

इथून माझ्या मुद्द्याला हात घालतो. माझ्या हिशेबानं नावं तीन जातीची. पहिलं वाट सांगणारं, घोडबंदर रोडसारखं. दुसरं मान देणारं, विवेकानंद मार्गासारखं. आणि तिसरं लायकी दाखवणारं. हे तिसरं नाव शहरातल्या समीक्षकाला माहीत नसतं, कारण तो त्यात जन्माला आलेला नसतो. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती. या नावात वाटही आहे, पण ती 'इकडून येऊ नका' अशी वाट आहे.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं ठरवलं की वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायची. त्या निर्णयात नावांची यादी आहे. महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली. आणि त्याऐवजी काय ठेवायचं तेही सुचवलंय. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर.

निर्णय चांगला आहे. आधी हे स्पष्ट म्हणून ठेवतो, नाहीतर उद्या आपलेच लोक म्हणतील याला सगळ्यात खोट काढायची सवय आहे. पोराच्या शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर, पोस्टाच्या पाकिटावर जात छापलेली नसावी ही मागणी आपलीच आहे. बाबुराव बागुलांनी १९६३ साली आपल्या कथासंग्रहाला 'जेव्हा मी जात चोरली होती' हे नाव दिलं. जात चोरायची तर आधी पत्ता चोरावा लागतो, हे ज्यांनी शहरात भाड्यानं खोली शोधलीय त्यांना सांगायला नको.

पण मी समीक्षक म्हणून ती यादी परत वाचली. सरकारी मजकूरसुद्धा मजकूरच असतो. त्या यादीत दोन गोष्टी मला खुपल्या.

पहिली, महारवाडा आणि ब्राह्मणवाडा एकाच ओळीत, मध्ये फक्त स्वल्पविराम. जणू दोन्ही नावं सारखीच. ब्राह्मणवाड्यात राहणाऱ्याला पत्ता सांगताना कधी आवाज खाली आणावा लागला काय? त्या नावानं त्याला कुठल्या विहिरीवरून हाकललं काय? एक नाव मिरवायचं, दुसरं लपवायचं. दोन्ही पुसून समता झाली असं समजायचं म्हणजे जखम आणि दागिना एकाच फडक्यानं पुसण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट यापेक्षा मोठी. 'बौद्धवाडा'. हे नाव कुठून आलं? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्म घेतला आणि त्यांच्या मागोमाग लाखोंनी घेतला. त्यानंतर गावोगाव आपल्या माणसांनी महारवाड्याचा बौद्धवाडा केला. कुठल्या मंत्रिमंडळानं केला नाही. आपण केला. देव पाण्यात टाकले, मेलेली ढोरं ओढायची बंद केली, आणि वस्तीचं नाव बदललं. हे आपलं पहिलं नामांतर. त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. आणि चौसष्ट वर्षांनी ते नाव सरकारच्या यादीत जातीचं नाव म्हणून येतं! याचा अर्थ काय? आपण जात फेकून दिली तरी गावानं ती उचलून नव्या नावाला चिकटवली. 'बौद्ध' हा शब्द ज्या माणसानं जग हलवलं त्याचा, पण गावच्या तोंडात तो 'महार'चा पर्याय झाला.

मग मला सांगा, भीमनगरचं काय होणार आहे?

मी सांगतो काय होतं. काही वर्षांमागं एका कचेरीत कागद करायला गेलो होतो. पत्त्यात वस्तीचं नाव होतं, आंबेडकर नगर. खिडकीमागच्या माणसानं अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, 'अच्छा, तिकडचे.' बास. एवढंच. शिवी नाही, अपमान नाही, कायद्यात बसेल असं काही नाही. पण त्या 'तिकडचे'मध्ये अख्खा महारवाडा होता. नाव बदललं होतं. 'तिकडं' बदललं नव्हतं.

हाच माझा मुद्दा आहे. वस्ती गावाच्या कडेलाच राहिली, नळ तिथपर्यंत शेवटी आला, गटार उघडंच राहिलं, तर तुम्ही तिला कुठलंही नाव द्या. वाईट वास जुन्या नावातून निघून नव्या नावात जातो. आणि इथं जास्त वाईट काय होतं? नवं नाव आपल्या बापाचं असतं. घाण भीमाच्या नावाला लागते.

म्हणून काय नाव मागायचंच नाही? तसं म्हणणाऱ्याला आपण १९७८ मध्येच उत्तर दिलंय. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. त्याच क्षणी मराठवाडा पेटला. घरं जळली, पोचीराम कांबळेला जिवंत मारला. १९७९ मध्ये लाँग मार्च निघाला. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेनं स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव झालं, तेही विस्तार करून, मराठवाडा शब्द मागं ठेवून. ठरावापासून पाटीपर्यंत साडेपंधरा वर्षं. तेव्हा काही विद्वान आपल्याला विचारायचे, नावात काय आहे? नावात काही नव्हतं तर घरं का जाळली? ज्यांनी जाळली त्यांना बरोबर माहीत होतं नावात काय आहे ते.

तुलना करून बघा. शहरात किंग्जवेचा डॉ. आंबेडकर रोड झाला. दादरला त्या रोडच्या शेजारी, हिंदू कॉलनीत, बाबासाहेबांचं राजगृह आहे. राजाचा रस्ता त्यांच्या नावाचा झाला याचा मला आनंदच आहे. तरी लोक उतरताना काय म्हणतात? 'दादर टीटी'. ट्राम बंद झाली १९६४ साली. ती गेली तरी तिचं शेवटचं स्टेशन लोकांच्या तोंडात राहिलं. नाव पाटीवर लावणं वेगळं आणि तोंडात बसणं वेगळं.

आणि पाटीवर कुणाचं नाव येतं, कुणाचं येत नाही, तेही वाचायला शिका. पिलाहाऊसवरून जाणारा फॉकलंड रोड. साहेबाचं नाव काढून त्याला पठ्ठे बापूराव मार्ग म्हणाले. योग्यच केलं. तमाशाची थिएटरं त्याच भागात होती. बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जातीनं ब्राह्मण, शाहीर मोठा. पण त्याची लावणी ज्या गळ्यानं आणि ज्या पायांनी गावोगाव नेली ती पवळा. संगमनेरकडच्या हिवरगावची, जातीनं महार. ब्राह्मण शाहीर महारणीसाठी जात सोडून आला याच्या गोष्टी झाल्या, त्याच्यावर सिनेमा झाला, रस्ता झाला. त्यानं जात सोडली म्हणून तो मोठा. तिनं काय सोडलं ते कुणी विचारलं नाही, कारण तिच्याकडं सोडण्यासारखं काय होतं असं समजलं गेलं. त्या मार्गाच्या पाटीवर पवळा नाही. आपल्या चळवळीतही एक हकिकत सांगतात की बापूरावानं तमाशाचा पैसा देऊ केला तेव्हा बाबासाहेबांनी तो घेतला नाही, आमच्या बायांना नाचवून आलेला पैसा नको म्हणाले. बाबासाहेबांचा राग कशावर होता ते कळतं. पण त्यानंतर आपणही पवळेला विसरलो, हे कुणाच्या खात्यावर टाकायचं? प्रस्थापितांनी तिला पाटीवर घेतलं नाही. आपण आपल्या गाण्यात घेतलं का?

आता साहित्याकडं. दलित साहित्यानं जे मोठं काम केलं त्यातलं एक कुणी नीट सांगत नाही. त्यानं महाराष्ट्राला पत्ते दिले. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. कामाठीपुऱ्याजवळच्या एका भागाचं नाव सरळ पुस्तकावर छापलं. तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. मराठी वाचकाला मुंबईत राहून गोलपिठा माहीत नव्हता. १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आलं, त्यात नागपाड्याचा कावाखाना आला. महापालिका पाट्या बदलू शकते, बिल्डर अख्खी गल्ली पाडू शकतो, पण गोलपिठा आणि कावाखाना आता पुसता येत नाहीत. त्या पाट्या पुस्तकात ठोकल्यात.

आणि आपण आज काय लिहितोय? गेल्या वर्षभरात माझ्याकडं तरुण मित्रांच्या पंचवीसेक कविता वाचायला आल्या. बहुतेकीत सूर्य आहे. अंधार आहे. वस्ती आहे. कुठली वस्ती? नाव नाही. रस्ता आहे, 'काटेरी'. कुठला? माहीत नाही. मशाल आहे, ती कुठल्या नाक्यावर पेटली ते नाही. मित्रांनो, राग खरा आहे, पण पत्ता नसलेला राग पोस्टात पडून राहतो. ढसाळांची नक्कल करताना शिव्या उचलल्या, गल्ली उचलली नाही. सूर्य सगळ्यांचाच असतो, त्यावर सदाशिवपेठेतलाही लिहितो. वरसावे नाक्यावर दुपारी साडेतीनला ट्रकच्या रांगेत पाण्याच्या बाटल्या विकणारं पोरगं कुठल्या पाड्यावरून येतं, आणि त्या पाड्याला त्याची आजी काय म्हणायची, हे फक्त तुम्ही लिहू शकता.

एक ताजी गोष्ट सांगतो. मे २०२४ च्या अखेरीला, याच पुलाच्या पलीकडं ससूनवघरच्या हद्दीत, सूर्या पाणीयोजनेच्या बोगद्यासाठी खोल खड्डा खणला होता. त्याची बाजू कोसळली. पोकलेन चालवणारा कामगार यंत्रासकट आत गाडला गेला. एनडीआरएफ आली, लष्कराची माणसं आली. पेपरांत काही दिवस बातमी चालली, मग दुसरी आली. ते पाणी मीरा-भाईंदरच्या नळाला यायचं. त्या जागेला एखादं नाव पडेल तर ते योजनेचं पडेल. माझा बाप खडी फोडून जसा नावाशिवाय गेला, तसाच हाही. त्याची जात मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही. रस्त्याखाली, पुलाखाली, पाण्याखाली जो जातो त्याचं नाव वर येत नाही, एवढं मला कळतं.

म्हणून माझं म्हणणं असं. लायकी दाखवणारं नाव पत्त्यावरून गेलंच पाहिजे. आजच गेलं पाहिजे. पण ते आपल्या लिखाणातून जाता कामा नये. महारवाड्याचा भीमनगर करताना पाटीचा समारंभ होतो, नगरसेवक नारळ फोडतो, फोटो येतो, आणि जुनं नाव आपणच लाजेनं गिळून टाकतो. पुढच्या पिढीचं पोरगं विचारेल की आपण गावाच्या कडेला का राहतो, तेव्हा भीमनगर हे नाव त्याला काय सांगणार? पत्ता स्वच्छ आणि इतिहास कोरा, असा सौदा आपल्याला परवडणारा नाही. हा सौदा झाला तर ज्यांनी ती नावं ठेवली तेही सुटले.

आणि पाटी मागताना एकटी पाटी मागू नका. तिच्याबरोबर नळ मागा, गटार मागा, जागेचा सातबारा मागा. महाडला बाबासाहेबांनी १९२७ साली तळ्याचं नाव बदलायला सांगितलं नव्हतं. ते त्या तळ्याचं पाणी प्यायले. आज चवदार तळं म्हटलं की तेच पहिलं आठवतं.

तेव्हा कामाला लागा. या रविवारी आपापल्या वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडं जा. चहा घ्या. विचारा, आजी, ही वस्ती बसली तेव्हा हिला काय म्हणायचे? त्याआधी इथं काय होतं? पाणी कुठून आणायचीस, आणि कोण अडवायचं? ती जे नाव सांगेल ते तिच्या उच्चारात लिहा, सुधारू नका. शिवी असली तरी लिहा. तारीख घाला, तुमचं नाव घाला. कविता झाली तर झाली, नाही झाली तरी पान भरेल. पुढच्या अंकाला मला सूर्य नको. मला गल्ल्यांची नावं पाठवा.

मी निघालो तेव्हा ती मासळीवाली रस्ता ओलांडायला अजून उभीच होती. हायवे थांबत नव्हता. मी विचारलं, मावशी, इथल्या पुलाला काय म्हणता? ती म्हणाली, 'काय म्हनायचा? आमच्या वरसाव्याचा पूल.'

लिहून घेतलंय.

जयभीम.